मशीनबरोबर काय काय द्यावे लागते?



सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्ना शहरात ओपन सोर्स क्षेत्रातल्या मंडळींची परिषद भरली होती. तिथे थॉमस ग्लाइक्सनर या जर्मन प्रोग्रामरने लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातात सोनेरी वेष्टनातला, फीत बांधलेला एक छापील कागद ठेवला. लिनक्समध्ये नवा कोड घ्यावा ही विनंती एरवी ईमेलने जाते. या विनंतीमागे वीस वर्षांची मेहनत होती, म्हणून तिचा थाटही वेगळा. त्या कागदात ‘प्रीएम्प्ट-आरटी’ नावाच्या कामाचा शेवटचा तुकडा होता. २००४ च्या सुमारास इंगो मोलनार, ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले होते. टोरवाल्ड्स यांनी विनंती मान्य केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ पासून नेहमीच्या लिनक्सलाच रिअल-टाइम होण्याची सोय मिळाली.

या घटनेचा अहिल्यानगर जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो थेट नागापूरच्या एमआयडीसीतल्या लेथपर्यंत, सुप्याच्या नव्या शेडपर्यंत आणि राहुरीच्या शेतातल्या पंपापर्यंत पोचतो. या जिल्ह्यात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे, साखर कारखाने आहेत आणि या सर्वांच्या आधाराने वाढलेली लहान-मोठी वर्कशॉप्स आहेत. जिथे यंत्र आहे तिथे आज कंट्रोलर आहे, आणि कंट्रोलरमध्ये सॉफ्टवेअर आहे. ते सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर मिळाले, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी मशीन विकायची वेळ येईपर्यंत कोणी विचारत नाही.

रिअल-टाइम म्हणजे नुसते वेगवान नव्हे. उत्तर बरोबर असले तरी उशिरा आले तर ते चुकीचे धरले जाते, ही त्याची खरी अट. मिलिंग मशीनचे टूल मिनिटाला सहा मीटर वेगाने सरकत असेल तर ते एका मिलिसेकंदात एक दशांश मिलिमीटर जाते. तेवढ्या वेळात संगणक पडद्यावरचे चित्र बदलण्यात गुंतला आणि थांबण्याचा हुकूम एक मिलिसेकंद उशिरा निघाला, तर जॉब एक दशांश मिलिमीटरने बिघडला. टर्नरच्या भाषेत दहा ‘शंभरांश’ गेले. मापाच्या जॉबमध्ये एवढी चूक म्हणजे तो तुकडा भंगारात.

संगणकातले काम दोन भागांत चालते. एक भाग कर्नेलचा. मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि बाहेरची यंत्रसामग्री यांवर त्याचा ताबा असतो. दुसरा भाग युजर स्पेसचा. पडदा, हिशेब आणि रेखाटने यांचे सगळे प्रोग्राम तिथे राहतात आणि काही हवे असेल तर कर्नेलकडे ठरलेल्या पद्धतीने मागणी करतात. या मागणीला ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. युजर स्पेसमधला प्रोग्राम कोसळला तर तो एकटा कोसळतो. कर्नेलमध्ये चूक झाली तर सगळी मशीन थांबते. तंत्रज्ञांच्या दृष्टीने ही सीमा सुरक्षिततेची आहे. कायद्याच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची ठरली, कारण लिनक्सच्या परवान्यातच तिचा उल्लेख आहे.

१९९१ मध्ये लिनक्स पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा ते विकायला मनाई होती. १९९२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी ते जीपीएल, म्हणजे जनरल पब्लिक लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आणले. या परवान्यानुसार सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, बदलावे, विकावेही. पण दुसऱ्याच्या हातात दिले की त्याला सोर्स कोड आणि तेच सगळे हक्कही द्यावेत. कर्नेलच्या परवान्याच्या सुरुवातीला टोरवाल्ड्स यांनी एक खुलासा जोडला. नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नेलची सेवा घेणारे युजर प्रोग्राम हा कर्नेलचा साधा वापर आहे. ते कर्नेलपासून निर्माण झालेली कृती ठरत नाहीत. या छोट्या खुलाशामुळेच लिनक्सवर बँकांची, कारखान्यांची आणि रुग्णालयांची बंद, म्हणजे सोर्स न दिलेली सॉफ्टवेअरे बिनदिक्कत चालतात.

नगरच्या माणसाला जीपीएल समजायला अवघड जाऊ नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये तो सुरू झाला. सभासद झालेल्याला कारखान्याचे फायदे मिळाले, पण उपविधीही पाळावे लागले. फायदा घेऊन उपविधी नाकारायची सोय नव्हती. जीपीएलचा व्यवहार याच धाटणीचा आहे. फरक एवढाच, की इथे सभासद होण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. कोड वितरित केला की अटी आपोआप लागू होतात.

भारतात या अटींना बळ मिळते ते १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातून. त्या कायद्याने संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीत बसवले आहे. कादंबरीकाराच्या परवानगीशिवाय कादंबरी छापता येत नाही, तसाच परवान्याबाहेर जाऊन प्रोग्राम वितरित करता येत नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत चौथे कलम आहे: अटी मोडल्या की परवानाच संपतो. मग हातात उरतो तो नुसता कॉपीराइटचा भंग.

आता मूळ अडचणीकडे. सन २००० च्या आसपास ज्याला लिनक्सवर यंत्र चालवायचे होते, त्याला आपला कोड कर्नेलमध्येच ठेवावा लागे. साधे लिनक्स वेळ पाळत नसे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या तंत्रविद्यापीठात व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी यावर उपाय काढला, तो ‘आरटीलिनक्स’. त्यांनी एक छोटे रिअल-टाइम कर्नेल तळाशी बसवले आणि लिनक्सला त्याच्यावरचे सर्वांत कमी प्राधान्याचे काम करून टाकले. वेळेची कामे कर्नेल मॉड्यूल म्हणून थेट तळाशी चालत. या कल्पनेवर योडायकेन यांना ३० नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकी पेटंट मिळाले. इथे परवान्याचा गुंता सुरू झाला. एकीकडे कर्नेलला जीपीएल, दुसरीकडे त्याच युक्तीवर पेटंट. पेटंट वापरण्यासाठी वेगळा परवाना निघाला, आणि त्यातल्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत असा आक्षेप जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००१ मध्ये घेतला. वाटाघाटीनंतर सुधारित परवाना आला आणि वाद मिटला. तोवर बाकीच्यांनी वेगळे रस्ते शोधले होते.

त्यांपैकी एक इटलीत. मिलानच्या तंत्रविद्यापीठात, विमानशास्त्राच्या विभागात, पाओलो मांतेगाझा यांनी ‘आरटीएआय’ उभे केले. दुसरा रस्ता फिलिप जेरम यांच्या ‘झेनोमाय’चा. या प्रकल्पाने परवान्याची मांडणी नीट विचारपूर्वक केली: कर्नेलमधला भाग जीपीएलखाली आणि युजर स्पेसमधल्या लायब्ररी एलजीपीएलखाली. एलजीपीएल हा जीपीएलचा सौम्य भाऊ. त्याखालची लायब्ररी बंद प्रोग्रामला वापरता येते. अट एवढीच, की लायब्ररीत केलेले बदल उघडे ठेवावेत आणि ग्राहकाला ती बदलून बसवता यावी. जर्मनीच्या आयजीएच कंपनीने इथरकॅट या औद्योगिक नेटवर्कसाठी लिनक्सवर जो ‘मास्टर’ लिहिला, त्याचीही मांडणी अशीच आहे. कर्नेल मॉड्यूल जीपीएल, युजर स्पेसची लायब्ररी एलजीपीएल. सर्वो ड्राइव्हना आज्ञा देणारा माणूस आपले गणित लायब्ररीच्या वर ठेवू शकतो. नेटवर्क चालवणारा तळ मात्र सर्वांचा राहतो.

वर्कशॉपच्या सर्वांत जवळचे उदाहरण लिनक्ससीएनसीचे. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, एनआयएसटीत, १९९० च्या दशकात जन्मले. सरकारी कर्मचाऱ्यांनी लिहिल्यामुळे ते कोणाच्याच मालकीचे नव्हते. पुढे स्वयंसेवकांनी ते हाती घेतले, वाढवले आणि जीपीएलखाली आणले. त्याचे जुने नाव ईएमसी. त्याच नावाच्या एका मोठ्या कंपनीने व्यापारचिन्हाचा आक्षेप घेतल्यावर २०११ मध्ये नाव बदलले. जुनी मशीन रेट्रोफिट करायची, मूळचा जळका कंट्रोलर काढून साधा संगणक बसवायचा, अशा कामात ते जगभर वापरले जाते.

त्याची अंतर्रचना या विषयाचा धडाच आहे. मोटर, लिमिट स्विच आणि स्पिंडल यांना जोडणारा ‘हॅल’ नावाचा थर त्यात आहे. हॅलचा प्रत्येक घटक लिहिताना त्याचा परवाना कोणता, हे त्या फाइलमध्येच लिहावे लागते. आरटीएआयच्या काळात हे घटक कर्नेल मॉड्यूल म्हणून चढत आणि ती ओळ थेट कर्नेलपुढे जाहीर होई. पुढे प्रीएम्प्ट-आरटीचा आधार घेऊन ‘यूस्पेस’ नावाची आवृत्ती आली. तेच घटक आता युजर स्पेसमधल्या एका प्रोग्रामच्या पोटात चढतात. एका मिलिसेकंदाचे सर्वो चक्र तिथे आरामात चालते. पंचवीस-पन्नास मायक्रोसेकंदांचे स्टेप पल्स काढणे अवघड जाते, म्हणून ते काम बहुधा बाहेरच्या एफपीजीए, म्हणजे आतली रचना हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपच्या, कार्डाकडे सोपवतात.

म्हणजे कोड कर्नेलमधून बाहेर आला. मग परवान्यातूनही सुटला का? नाही. टोरवाल्ड्स यांचा खुलासा फक्त कर्नेल आणि युजर प्रोग्राम यांच्यातल्या सीमेपुरता आहे. युजर स्पेसमध्ये तुमचा घटक ज्या प्रोग्रामच्या पोटात चढतो, ज्या लायब्ररीला जोडला जातो, त्यांचे परवाने तिथेही लागू आहेत. हॅलची लायब्ररी एलजीपीएलखाली आहे, बाकीचा मोठा भाग जीपीएलखाली. पडदा पायथनमध्ये लिहायला घेतला की बऱ्याचदा पायक्यूटी ही लायब्ररी येते. ती एक तर जीपीएलखाली घ्यावी लागते, नाही तर पैसे मोजून. कर्नेलमधून बाहेर पडलेला इंजिनिअर बटणांच्या रंगापायी जीपीएलमध्ये परत येतो आणि त्याला कळतही नाही.

उलट बाजूचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे: कर्नेल मॉड्यूल बंद ठेवता येते का? २००१ पासून कर्नेलमध्ये दोन प्रकारचे दरवाजे आहेत. काही फंक्शन्स कोणत्याही मॉड्यूलला मिळतात. काही फक्त जीपीएल जाहीर करणाऱ्यांनाच. बंद मॉड्यूल चढवले की कर्नेल स्वतःवर ‘डाग’ लागल्याची नोंद करते. बंद आणि जीपीएल कोडच्या मध्ये एक पातळ मध्यस्थ मॉड्यूल घालून नियम चुकवायची युक्ती काही वर्षे चालली; २०२० च्या ५.९ आवृत्तीत ती वाट बुजवली गेली. न्यायालयांनी मात्र स्पष्ट उत्तर दिलेले नाही. कर्नेलचे एक जुने योगदानकर्ते ख्रिस्टॉफ हेलविग यांनी लिनक्सचा कोड बंद उत्पादनात वापरल्याबद्दल २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयात व्हीएमवेअर या कंपनीवर दावा लावला. २०१६ मध्ये तो फेटाळला गेला, २०१९ मध्ये अपीलही. नेमका कोणता कोड हेलविग यांचा, हे न्यायालयाला पटेल असे सिद्ध झाले नाही. त्या खटल्यात मूळ प्रश्न तसाच राहिला. अपिलाच्या निकालानंतर व्हीएमवेअरने लिनक्सचा तो वादग्रस्त भाग काढून टाकण्याचे जाहीर केले, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

मोठ्या कंपन्या सीमेचा अर्थ कसा लावतात, हे एनव्हिडियाने दाखवले. वर्षानुवर्षे बंद ड्रायव्हर दिल्यावर मे २०२२ मध्ये तिने कर्नेल मॉड्यूलचा कोड एमआयटी (सोर्स देण्याची सक्ती नसलेला सैल परवाना) आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुला केला. युजर स्पेसमधल्या ग्राफिक्सच्या लायब्ररी बंदच ठेवल्या.

वेळेशी बांधलेल्या कामाचे दुसरे उदाहरण शेजारीच आहे. नगरहून भाळवणी, टाकळी ढोकेश्वर करत आळेफाट्याला पोचले आणि नारायणगावकडे वळले, की खोडदजवळ जीएमआरटी दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेल्या या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेना दोन ध्रुवणांचे संकेत देते, म्हणजे ६० प्रवाह. ३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी प्रत्येक प्रवाहाचे सेकंदाला ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. सगळे मिळून सेकंदाला जवळपास ४०० कोटी. हे गुणाकार-बेरजेचे काम पूर्वी खास बनवलेल्या हार्डवेअरवर होई. जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हेच काम बाजारात मिळणाऱ्या एडीसी, म्हणजे संकेताचे आकडे करणाऱ्या, कार्डांवर आणि लिनक्स संगणकांच्या समूहावर करून दाखवले. लेथसारखी मायक्रोसेकंदाची शिस्त इथे नाही. पण माहितीचा ओघ थांबत नाही आणि गणिताला मागे पडता येत नाही.

परवान्याच्या दृष्टीने जीएमआरटीची गोष्ट सोपी होती. सॉफ्टवेअर आपल्याच आवारात चालते, बाहेर कोणाला दिले जात नाही. म्हणून जीपीएलची वितरणाची अट उद्भवतच नाही. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या जागतिक दुर्बिणीचे तसे नाही. तिच्या दुर्बिणी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहत आहेत, भारत तिचा सदस्य आहे आणि नियंत्रण सॉफ्टवेअरचा मोठा वाटा पुण्याची एनसीआरए ही संस्था तसेच टीसीएस आणि पर्सिस्टंट या कंपन्या उचलत आहेत. अनेक देशांतल्या संस्थांनी एकमेकांचा कोड घ्यायचा तर प्रत्येक हस्तांतर म्हणजे वितरण. म्हणून प्रकल्पाने स्वतःच्या सॉफ्टवेअरसाठी बीएसडीचा तीन कलमी, सैल परवाना ठरवला. तळाशी आहे टँगो ही युरोपातली नियंत्रण प्रणाली. तिची मुख्य लायब्ररी एलजीपीएलखाली. खाली एलजीपीएल, वर बीएसडी, आणि सगळे युजर स्पेसमध्ये. कोणाच्या वकिलाला रात्री जागावे लागणार नाही अशी ही रचना आहे, कारण ती पहिल्या ओळीआधी ठरली होती.

आता शेतातल्या पंपाकडे. मोबाइलवरून मोटर चालू करणारी, फेज गेली की बंद करणारी छोटी पेटी जिल्ह्यातल्या किती तरी विहिरींवर दिसते. अशा पेटीतल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये बऱ्याचदा कर्नेल आणि युजर स्पेस अशी विभागणीच नसते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तुमचा प्रोग्राम एकत्र जोडून एकच फाइल चिपमध्ये भरली जाते. तिथे साधा जीपीएल लावला तर सगळ्याच फाइलचा सोर्स द्यावा लागला असता. हे ओळखून फ्रीआरटीओएसने जीपीएलला एक अपवाद जोडला होता: ठरलेल्या पद्धतीने जोडलेला तुमचा कोड बंद राहू शकतो. २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या छत्राखाली दहावी आवृत्ती आली आणि परवाना सरळ एमआयटी झाला. २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनने आणलेल्या झेफायरने सुरुवातीपासूनच अपाचे परवाना घेतला. लहान चिपच्या जगात सैल परवाने वरचढ ठरले, त्याचे एक मोठे कारण ही नसलेली सीमा आहे.

समजा, नागापूरच्या एका वर्कशॉपने जुना लेथ घेऊन त्यावर लिनक्ससीएनसी बसवले. स्वतःच्या शेडमध्ये जॉबवर्क करायला तो वापरला तर कोणाला काहीच द्यावे लागत नाही. कोडमध्ये कितीही बदल केले तरी. तोच लेथ चाकणच्या कारखान्याला विकला की चित्र बदलते. मशीनबरोबर जीपीएल सॉफ्टवेअरही विकले गेले. आता ग्राहकाला परवान्याची प्रत द्यायची, आणि सोर्स कोड सोबत द्यायचा किंवा तो देण्याची किमान तीन वर्षे टिकणारी लेखी हमी द्यायची. सोर्समध्ये कोड बांधण्याच्या आणि बसवण्याच्या स्क्रिप्टही येतात. बदललेल्या फाइलमध्ये बदलाची आणि तारखेची नोंद हवी. कंट्रोलर दुसऱ्याकडून आणून बसवला असला तरी जबाबदारी टळत नाही; साखळीतला प्रत्येक विक्रेता वितरकच असतो.

यातून वर्कशॉपची विद्या फुकट जाते, ही भीती बरीचशी अनाठायी आहे. जॉबचे जी-कोड, फिक्स्चरची रेखाटने, फीड-स्पीडचे तक्ते यांवर परवान्याचा हक्क पोचत नाही. खास काही गणित असेल, उदाहरणार्थ टूलची झीज ओळखण्याचे, तर ते स्वतंत्र प्रोग्राम म्हणून वेगळे ठेवता येते. ग्राहकाला सोर्स दिल्याने उलट एक गोष्ट साधते: विक्रेत्याचे दुकान बंद झाले तरी मशीन बंद पडत नाही. जुन्या कंट्रोलरचे सुटे भाग न मिळाल्याने उभ्या राहिलेल्या मशीन ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याची किंमत सांगायला नको.

आणि इथेच व्हिएन्नातल्या त्या कागदाचे महत्त्व कळते. वेळ पाळण्यासाठी कर्नेलमध्ये शिरण्याची सक्ती होती, तोवर परवान्याची निवडही सक्तीची होती. आता एका मिलिसेकंदाचे चक्र साध्या युजर प्रोग्राममध्ये, नेहमीच्या सिस्टिम कॉलच्या जोरावर चालते. प्राधान्य ठरवायचे, मेमरी जागेवर बांधून ठेवायची, घड्याळ लावून झोपायचे आणि वेळेवर उठायचे, एवढेच. त्यामुळे कर्नेलमध्ये फक्त ड्रायव्हरपुरते थोडे ठेवावे, ते खुले करावे, शक्य तर मूळ लिनक्सकडे पाठवावे म्हणजे पुढच्या आवृत्त्यांत त्याची निगा तिथलेच लोक राखतात. आणि आपले वैशिष्ट्य वर ठेवावे. पूर्वी हा मार्ग फक्त मोठ्यांना परवडे. आज तो चार माणसांच्या वर्कशॉपलाही खुला आहे.

लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात. त्यांत कंट्रोलर असतात, ड्रायव्हर असतात, कुठून तरी उतरवलेला कोड असतो. प्राध्यापकांना विनंती एवढीच, की प्रकल्प-अहवालात एक पान परवान्यांचे सक्तीचे करावे: कोणता कोड, कोणाचा, कोणत्या परवान्याखाली, सीमेच्या कोणत्या बाजूला. उद्योजकांनी हेच पान मशीनच्या वायरिंग डायग्रामला जोडावे, आणि पॅनेलचे दार बंद करण्यापूर्वी सोर्स कोडचा पेनड्राइव्ह त्यात ठेवावा. पुढची मशीन गेटबाहेर जाण्याआधी हे सुरू करा.